चौथा कागद: तिरणी सुटली, सातवं प्रकरण मोडलं

माझ्या कादंबरीतल्या काल्पनिक मुलखाचा नकाशा मी हातानं काढतेय, आणि तिरणी ही त्यातली नदी, तिचं कोडं काही केल्या सुटत नव्हतं. चार महिने आणि तीन कागद खाऊन ती परवा रात्री एकदाची सुटली. हे लिहितेय तेव्हा चौथ्या कागदावरची शाई अजून पुरती वाळलेली नाही, म्हणून फोटो उद्या.

गेल्या वेळी दाखवलेला उगवत्या खाडीचा किनारा आहे तसाच आहे. 0.05 च्या बारीक पेननं काढलेल्या त्या लाटारेषा पुन्हा काढायची वेळ आली नाही, याचा मला फार आनंद आहे. भानगड आत होती, पठारावर.

जुन्या वाचकांना माहीत आहेच: तिरणी पूर्वेच्या डोंगरात उगम पावते, पठारावर उंबरठाणला येते आणि तिथे फुटते. एक फाटा उत्तरेला खाडीकडे जातो, दुसरा घाट उतरून दक्षिणेच्या काळ्या दर्याला मिळतो. सगळी कथा या फाट्यावर उभी होती. दोन राज्यं एकाच नदीचं पाणी पितात, दोघांच्या पूजा उंबरठाणच्या एकाच पायऱ्यांच्या घाटावर होतात आणि सातव्या प्रकरणात रमणी नावाडीण या दर्यातून त्या खाडीत नावेनं जाते.

शेजारच्या काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. दुसरा कागद त्यांना कौतुकानं दाखवायला नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, उंबरठाणवर बोट टेकवलं आणि विचारलं, "ही इथे फुटते कशी गं?"

मग अर्धा तास त्यांनी समजावलं. पाण्याला दोन वाटा सापडल्या तर ज्या वाटेला उतार जास्त, ती वाट पाणी खणत जातं. ती खोल होते, दुसरी गाळानं भरते, आणि थोड्या काळात नदी पुन्हा एकच राहते. समुद्राजवळच्या सपाट त्रिभुज प्रदेशात फाटे फुटतात आणि टिकतात, पण ते सगळे एकाच समुद्राला जातात. पठाराच्या मधोमध फुटून दोन दिशांच्या दोन समुद्रांना जाणारी नदी टिकत नाही.

मी हट्टानं अपवाद शोधले, आणि सापडलेही. व्हेनेझुएलात ओरिनोकोचं काही पाणी कासिकियारे नावाच्या फाट्यानं निघून रिओ नेग्रोमार्गे ॲमेझॉनला मिळतं. जर्मन शास्त्रज्ञ हंबोल्टनं 1800 साली त्या पाण्यावरून प्रवास केला होता. अमेरिकेत वायोमिंगमध्ये तर एक ओढा खिंडीवर दुभंगतो आणि पुढे त्याच्या दोन शाखांची नावंच अटलांटिक क्रीक आणि पॅसिफिक क्रीक अशी आहेत. पण यांतलं कासिकियारे सपाट, दलदलीच्या मुलखात आहे आणि दुसरा एवढासा ओढा आहे. तिरणी मोठी नदी, आणि तिच्या दक्षिणेला घाट हवाच. टेहळणीचे बुरूज आणि जकातीचं नाकं त्याच घाटावर आहे.

तरी तिसऱ्या कागदावर मी पठार सपाट करून पाहिलं. उताररेषा (डोंगराचा उतार दाखवणाऱ्या बारीक रेघा) खरवडल्या, दलदलीच्या खुणा भरल्या. नकाशा मेला. कुठूनही बघा, नजर अडकायला जागाच उरली नाही. त्यात कागदानं दगा दिला. ऑनलाइन मागवलेला, पाकिटावर 300 जीएसएम, म्हणजे चांगला जाड, असं लिहिलेला, पण एकदा ब्लेड फिरवलं की शाई फुटते आणि बारीक रेघेला मिशा येतात. तुम्हीही घेण्याआधी एक सुटा ताव मागवा आणि खरवडून त्यावर पुन्हा रेघ ओढून बघा. आता मी खजूरी बाजारातून सुटे ताव आणते. दुकानदार कोपऱ्यावर निब चालवू देतो. त्या कागदावर दोनदा खरवडलं तरी रेघ स्वच्छ येते.

डोक्यातला पहिला धागा सैल झाला तो जानापावच्या डोंगरावर. इंदूरहून महूच्या पुढे तासाभराची वाट, पाऊस नुकताच उघडलेला. माथा साधारण 850 मीटर उंच. इथून चंबळ उत्तरेला निघते आणि याच डोंगराची कारम दक्षिणेला उतरून नर्मदेत जाते. एका बाजूचं पाणी यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागरात, दुसऱ्या बाजूचं अरबी समुद्रात. हे शाळेत वाचलं होतं. पण उभं राहून बघितल्यावर दोन्ही उतार एकसारखे नाहीत हे डोळ्यांना दिसलं. उत्तरेला माळवा दूरवर हळूहळू निवत जातो, काळी शेतं, मध्येच तळं. दक्षिणेला पायाखालची जमीनच संपते आणि खाली धुरकट निमाड.

घरी येऊन क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या उताराचा उभा छेद काढला. (नकाशा हातानंच काढायचा असला तरी उंची तपासायला हे शिकून घ्या. फुकट आहे, आणि एसआरटीएमचे, म्हणजे अंतराळयानातून मोजलेल्या उंचीचे, आकडेही फुकट मिळतात.) जानापावपासून नर्मदेपर्यंत तीसेक किलोमीटरमध्ये सुमारे 700 मीटरची उतरण. चंबळ तेवढंच उतरायला यमुनेपर्यंत 960 किलोमीटर घेते. तो छेद मी पट्टीवर काढून टेबलासमोर चिकटवला आणि तिरणीच्या पठाराला तोच तिरपेपणा दिला: उत्तरेला विरळ, आखूड उताररेषा, दक्षिणेला दाट आणि लांब. पठार पहिल्यांदा जड दिसायला लागलं. एवढ्यासाठीसुद्धा तीन कागद गेल्याचं दुःख नाही.

पण नदी अजून फुटतच होती.

परवा रात्री घाटाच्या उताररेषा भरत बसले होते. अर्ध्या रेघेत आईनं हाक मारली, "अगं, नर्मदा आली! मोटर लाव!"

इंदूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: आमच्या घरांत नळाला पाणी येत नाही, नर्मदा येते. 1978 पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, चारशे मीटरहून जास्त उंची चढवून पाणी इथे आणतात. मी मोटर लावली आणि टाकीत पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकत जिन्यातच उभी राहिले. हे पाणी वापरून झालं की नाल्यातून इंदूरच्या कान्ह नदीत जाणार, कान्ह क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत. अरबी समुद्राच्या वाटेवरचं पाणी आमच्या मोरीतून बंगालच्या उपसागराकडे वळतं! नदी फुटली नाही. माणसांनी तिला उचलून पाणलोटाच्या पलीकडे नेलं. आणि उलटंही होतं: कोयनेचं पाणी मुळात कऱ्हाडला कृष्णेत जायचं, बोगद्यांतून पोफळीला उतरवलं की ते वाशिष्ठीतून कोकणच्या समुद्राला जातं.

म्हणजे तिरणी एकटी दक्षिणेला वाहील आणि उत्तरेचं राज्य तिचं पाणी रहाटांनी वर ओढून घेईल. पाच टप्पे, प्रत्येक टप्प्यावर हौद, प्रत्येक हौदावर पहारा. दोन राज्यांचं एका नदीवर प्रेम, एवढीच मला त्यांची गोष्ट माहीत होती. आता एकाला ते पाणी फुकट मिळतं आणि दुसऱ्याला दर घागरीमागे बैल झिजवावे लागतात. राणीच्या तोंडचे संवाद आपोआप बदलले. तिसऱ्या प्रकरणात ती उदार होती. आता ती हिशेबी आहे, आणि पहिल्यांदाच मला ती खरी वाटते.

सातवं प्रकरण मात्र मोडलं. नाव रहाटावर चढत नाही. रमणीला उंबरठाणला उतरून नाव बैलगाडीवर घालावी लागेल, आणि पाण्याबाहेर ती कशी चालते, कशी बोलते, हे मी आजवर लिहिलेलंच नाही.

इथपर्यंत लिहून चहाला उठले आणि पातेल्यात पाणी ओतताना एक प्रश्न टोचला. नदी पहिल्यापासून दक्षिणेची असेल, तर उत्तरेचे लोक तिला आई का म्हणतात? उंबरठाणचा घाट उत्तरेच्या वाटेवर का बांधला?

उत्तर टेबलासमोर चिकटवलेल्या छेदातच होतं. तीव्र उताराचा ओढा मागे मागे डोंगर खात जातो आणि एक दिवस मंद उताराच्या नदीला गाठून तिचं पाणी आपल्याकडे वळवतो. भूगोलाच्या पुस्तकातलं नदी-अपहरण! तिरणी पूर्वी सगळीच्या सगळी उत्तरेला वाहत होती. दक्षिणेच्या घाटातल्या एका ओढ्यानं तिला उंबरठाणच्या वर गाठलं आणि चोरलं. नदी त्या जागी कोपरासारखी एकदम वळते, पुढे नवी खोल घळ, आणि उत्तरेला रुंद, कोरडी दरी. दोन्ही समुद्रांना ती मिळालीच, फक्त वेगवेगळ्या काळात.

काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "हे चालेल. पण कोपऱ्यापुढे घळ अरुंद काढ, ती तरुण आहे." मग रहाट घळीच्या काठावरच बसतील, आणि उत्तरेचे लोक ज्याला चोरी म्हणतात तिची रोज परतफेड ओढतील. हौदात धार पडली की तिकडच्या घरांत बायका म्हणतील, "तिरणी आली." हे वाक्य पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत जाणार.

त्यामुळे या महिन्यात ठरवलेलं जंगलांचं काम पुढे ढकललं. आधी त्याच किनाऱ्याचा जुना नकाशा काढणार, चोरीच्या आधीचा, उत्तरेच्या कारकुनांच्या हातचा: डोंगर पुढून पाहिल्यासारखे, नदी जाड दुहेरी रेघेची. त्यासाठी बोरूच हवा, निबेला ती जाडी येत नाही. कुणी बोरू कापतं का? टोकाचा तिरपेपणा किती ठेवता, ते सांगा.

चौथ्या कागदावर मात्र आज एवढंच केलं: नव्या ब्लेडनं उंबरठाणखालची उत्तरेची निळी रेघ खरवडून काढली. घाटाच्या अकरा पायऱ्या तशाच ठेवल्या, कोरड्या दरीत उतरणाऱ्या.