प्रिश्टिनाला येताय? आधी बेलग्रेडचं ठरवा

बाल्कनचा दौरा आखणारे बरेच जण अल्बेनियाची राजधानी टिराना, कोसोव्होची प्रिश्टिना, मग सर्बियाची बेलग्रेड असा क्रम लावतात. घोळ तिथेच होतो. अल्बेनियातून किंवा थेट विमानाने कोसोव्होत आलात आणि मेरदारेच्या सीमानाक्यावरून सर्बियात जायला निघालात, तर सर्बियन पोलीस मागे फिरवतात. कोसोव्होने 17 फेब्रुवारी 2008 ला स्वातंत्र्य जाहीर केलं, पण सर्बियाच्या लेखी तो आजही त्यांचाच प्रांत आहे. म्हणजे प्रवेशाचा शिक्का न घेता तुम्ही सर्बियात घुसलात, असा त्याचा अर्थ लावतात. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही.

म्हणून आधी बेलग्रेड करा, तिथून प्रिश्टिनाला या आणि त्याच वाटेने परत जा. आधीच कोसोव्होत पोचला असाल, तर हानी इ एलेझितच्या नाक्यावरून उत्तर मॅसेडोनियात उतरा आणि स्कोप्येहून प्रेशेवोमार्गे सर्बियात शिरा. वळसा पडतो, पण शिक्के बरोबर लागतात. सर्बियातून येऊन परस्पर अल्बेनियाला गेलात, तर सर्बियातून बाहेर पडल्याचा शिक्काच पासपोर्टवर नसतो. पुढच्या वेळी त्याचा जाब विचारला जाऊ शकतो.

भारताने कोसोव्होला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे प्रिश्टिनात आपला दूतावास नाही. पासपोर्ट हरवला तर कुठे धाव घ्यायची, हे निघण्याआधीच परराष्ट्र खात्याकडून विचारून घ्या. युरोपीय संघातल्या स्पेन, ग्रीस, सायप्रस, रोमानिया आणि स्लोव्हाकियानेही मान्यता दिलेली नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2010 मध्ये एवढंच सांगितलं, की स्वातंत्र्याच्या घोषणेने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला नाही. कोसोव्हो राष्ट्र आहे की नाही, या प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही. बेलग्रेड आणि प्रिश्टिनामधल्या 2012 च्या तडजोडीनंतर प्रादेशिक बैठकांत कोसोव्होच्या नावापुढे तारांकित खूण आणि खाली त्याच्या दर्जाचा वाद खुला ठेवणारी तळटीप आली. फोनचा स्वतःचा कोड, +383, मिळायला 2016 चा डिसेंबर उजाडला; तोवर इथले मोबाईल मोनॅको आणि स्लोव्हेनियाच्या कोडवर चालत होते.

या ओढाताणीची खरी झळ कोसोव्होच्या उत्तरेतल्या मित्रोवित्सा शहरात दिसते. इबार नदीच्या दक्षिणेला अल्बेनियन वस्ती, उत्तरेला सर्ब. उत्तरेकडच्या सर्बांचे पगार आणि पेन्शन बेलग्रेडहून दिनारमध्ये, म्हणजे सर्बियाच्या चलनात, येत. 1 फेब्रुवारी 2024 पासून कोसोव्होच्या मध्यवर्ती बँकेने रोखीचे व्यवहार फक्त युरोतच करायचा नियम लावला आणि मे महिन्यात दिनार देणाऱ्या सर्बियन बँकेच्या शाखा पोलिसांनी बंद केल्या. मग म्हाताऱ्या माणसांना स्वतःची पेन्शन काढायला सीमेपलीकडे सर्बियात जावं लागलं. चलनाचा नियम करायचा अधिकार प्रिश्टिनाला असेलही, पण पैसे हातात पडायची दुसरी सोय आधी करायला हवी होती.