वावेलच्या किल्ल्यात, आप्पांच्या सांगण्यावरून

पोलंडमधल्या क्राकुफला कामासाठी चार दिवस जायचं ठरलं तेव्हा तिथल्या राजवाड्यात विणलेले जुने भिंतपडदे आहेत, हे मी आप्पांना वाचून दाखवलं. येवल्यात आमच्या घरी अजून माग चालतो. ते म्हणाले, "बघून ये, आणि वीण कशी आहे ते मला सांग."

पहिल्या दिवशी दुपारी वावेलची टेकडी चढले. खाली व्हिस्तुला नदी, वर किल्ला. अंगणात फिरायला तिकीट लागत नाही, म्हणून आत जाणंही सोपं असेल असं मी धरून चालले. खिडकीपाशी कळलं, की राजाची दालनं, खजिना, प्रत्येक भागाचं तिकीट वेगळं आणि त्यावर आत जायची वेळ छापलेली. मला हवी ती दालनं त्या दिवसापुरती भरली होती. तुम्ही जाणार असाल तर आधीच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा.

मग अंगणातच बराच वेळ बसले. तीन मजल्यांच्या त्या कमानी झिग्मुंट स्तारी राजाने इटालियन कारागीर आणून उभ्या केल्या. 1499 मध्ये जुना किल्ला आगीत होरपळला, त्यानंतरचं हे काम. त्याआधीच्या, चौदाव्या शतकातल्या किल्ल्याचा एक बुरूजवजा भाग कोपऱ्यात अजून उभा आहे. त्याला कुर्झा स्तोपका म्हणजे कोंबडीचा पाय म्हणतात. पुढे राजधानी वॉर्साला गेली, ऑस्ट्रियाच्या सैन्याने इथे बराकी केल्या. ते सैन्य 1905 मध्ये हललं, मग डागडुजी सुरू झाली आणि हळूहळू संग्रहालय झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. पिशवी सामानघरात ठेवली, वेळ झाल्यावर आत सोडलं. एका दालनाच्या छतात लाकडी माणसांची मुंडकी कोरून बसवली आहेत. 194 होती, 30 उरली. तिथे लोक माना वर करून थांबतात. मी मात्र पडद्यांकडे निघाले.

पोलिश लोक त्यांना आर्रास म्हणतात, फ्रान्समधल्या एका विणकरांच्या गावावरून. आपल्या आराशीशी त्याचं नातं नाही, तरी शब्द ऐकून मला बरं वाटलं. झिग्मुंट ऑगस्ट राजाने सोळाव्या शतकाच्या मध्याला ते ब्रसेल्समध्ये विणून घेतले. लोकर, रेशीम, सोन्या-चांदीची जर. नोहाची नौका, बाबेलचा मनोरा आणि जंगलात झुंजणारे प्राणी. ड्रॅगन आणि बिबळ्याच्या झुंजीसमोर मी सगळ्यात जास्त थांबले. कापडाची नासाडी होऊ नये म्हणून उजेड मंद ठेवलेला. डोळे सरावायला वेळ लागतो, पण मग जर चमकू लागते.

जवळ वाकून पाहिलं तर वीण आडवी! बारीक उंचवटे आडवे धावत होते, म्हणजे ताणा (मागावर आधी ताणून बांधलेले धागे) आडवा. चित्र मागावर कुशीवर झोपवून विणलेलं होतं. म्हणून भिंतभर रुंदीचं चित्र कितीही लांब नेता येतं. आणि पैठणीसारखंच, प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच जातो, काठापासून काठापर्यंत बाणा (ताण्यातून ओवायचा धागा) धावत नाही. फरक एक. पैठणीत दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतात. इथे बऱ्याच ठिकाणी फट सोडून ती नंतर शिवलेली.

हे पडदे रशियाने नेले होते, ते 1920च्या दशकात परत आले. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच ते नदीने, मग रुमानिया, फ्रान्स, इंग्लंड करत कॅनडाला पोहोचले. 1961 मध्ये घरी आले. एवढ्या गुंडाळण्या-उलगडण्यानंतरही त्या निळ्या रंगाकडे पाहून माझे डोळे भरून आले.

बाहेर कमानीखाली उभं राहून आप्पांना फोन लावला. ताणा आडवा, हे ऐकून ते लगेच म्हणाले, "मग विणताना पालथी बाजू वर असेल." मी म्हटलं, हो, उलट्या बाजूनेच विणायचे, खाली चित्र धरून.

"म्हणजे मागावरून उतरेपर्यंत त्यांनाही दिसलं नसेल," आप्पा म्हणाले. मग विचारलं, "उद्या परत जातेस का? फटी कुठल्या धाग्याने शिवल्यात ते बघ."

मी खिडकीकडे वळून दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं.