पाच हजार आठशेच्या पुढे

इंग्लंडातल्या स्विंडनहून नाताळाला येणारे गोंयकार चॉकलेटं आणतात. माझा नावेलीचा शाळासोबती गाड्यांचे आवाज आणतो. संध्याकाळी बलकांवात, म्हणजे घराच्या ओसरीत, बसायचं, फोन मधे ठेवायचा आणि ऐकायचं. मी त्या दोन गाड्यांत कधी बसलेलो नाही, पण त्यांच्यावर तावातावाने मत देऊ शकतो, ते या जोरावर.

दोन्ही होंडा सिव्हिक टाइप-आर, दोन्ही स्विंडनच्या कारखान्यातल्या. जुनी ईपी-थ्री, 2001 ची. ती तिथून जहाजाने चक्क जपानलाही जायची. बाळंतपण आजोळी आणि मग लेकरू बापाच्या घरी, तसं. दोन लिटरचं इंजिन, टर्बो म्हणजे जादा हवा कोंबणारा पंखा नाही, ताकद 200 अश्वशक्ती, आणि गियरचा दांडा डॅशबोर्डातून बाहेर आलेला.

तिचं रेकॉर्डिंग आधी कंटाळवाणं वाटतं. शिवणयंत्रासारखी नुसती घरघर. मग मित्र बोट वर करतो, "आयक, आतां आयक!" इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा 5800 च्या आसपास पोचतो, आत तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, झडपा जास्त उंच आणि जास्त वेळ उघडू लागतात, आणि आवाज एकदम वरच्या पट्टीत जातो. तिथून आठ हजारांच्या जवळपास पोचेपर्यंत नुसती तान. विलंबितात तासभर बसून राहिलेल्यालाच जी द्रुत लय कळते ना, ती ही.

दुसरी 2017 ची, एफके-एट. इंजिन दोन लिटरचंच, पण टर्बो आणि 320 अश्वशक्ती. 400 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, अडीच हजार फेऱ्यांपासूनच हजर. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकची फेरी तिने 7 मिनिटं 43.8 सेकंदांत मारली. मागे तीन नळ्या. त्यातली मधली वेग वाढला की धूर सोडायचं थांबून उलट हवा आत ओढते, घुमणारा आवाज कमी व्हावा म्हणून. हुशारी आहे, पण मला सांगा, मी ऐकू काय? द्रुतातच सुरू झालेली बैठक!

मित्र मात्र एफके-एटचाच. स्विंडनच्या कारखान्यात कामाला असताना तिच्यावर त्याचा हात फिरलाय, जुलै 2021 मध्ये कारखान्याला टाळं लागेपर्यंत. तिथे मी वाद आवरता घेतो.

नावेली ते फोंडा या रस्त्यावर दोघीही सारख्याच म्हणा. दुसऱ्या गियरमध्ये 5800 गाठायच्या आत समोर पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल, नाहीतर गतिरोधक, नाहीतर रस्त्यात ठाण मांडून रवंथ करणारी गाय.

यंदा निघताना त्याने माझ्या जुन्या मारुती 800 चं बॉनेट उघडायला लावलं, फोन जवळ धरला. मला बरं वाटलं. म्हटलं, आता हिचाही आवाज स्विंडनला वाजणार. दहा सेकंदांतच त्याने फोन खिशात घातला.

"पयलीं पट्टो बदल रे."