आमची वाटचाल : एक शटर, एक टिनाचा डबा आणि क्लेच्या पट्ट्या

नाशिकला बाईकचं गॅरेज सुरू केलं २०१५ च्या सिंहस्थाच्या आदल्या वर्षी. अंबड एमआयडीसीच्या मागच्या बाजूला एक शटर भाड्याने घेतलं, आत एक गाडी लावली की दुसरी बाहेर उन्हात. सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद, गिऱ्हाईक येणार कुठून, भाडं मात्र चालूच, तेव्हा वडिलांनी पेन्शनच्या पैशातून हात दिला. वडील सातपूरला कंपनीत टर्नर होते, आयुष्य लेथवर गेलं त्यांचं.

सुरुवातीला काम म्हणजे सर्व्हिसिंग, क्लच प्लेट, चेनसेट, आणि आरएक्स १००. १९८५ ते ९६ मधल्या त्या गाड्या अजून पोरं जीव लावून सांभाळतात आणि माझा हात त्यावरच बसलेला. टू स्ट्रोक, म्हणजे कॅमवर उघडणारे व्हॉल्वच नाहीत, पोर्ट घासा, जेट बदला, गाडी पळते. मग फोर स्ट्रोकवाली पोरं यायला लागली, कुरियरने परफॉर्मन्स कॅम, म्हणजे व्हॉल्व जास्त आणि जास्त वेळ उघडणारा दांडा, मागवून घेऊन यायची, दादा एवढा बसवून द्या. मी बसवायचो. टायमिंगच्या खुणा जुळवायच्या, इंजिन थंड असताना फिलर गेज घालून टॅपेट, म्हणजे व्हॉल्वच्या वरच्या टोकाची बारीक फट, सेट करायचं, पत्ती जराशी घासत सरकली की लॉकनट आवळायचा, झालं. मला वाटायचं व्हॉल्व क्लिअरन्स म्हणजे तेवढंच.

एक सिन्नरचा पोरगा होता. कॅम बसवला, आवाज असा बसला की शेजारचा वेल्डिंगवाला बघायला आला, पाथर्डी फाट्यापर्यंत ट्रायल मारली, एकदम मक्खन. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन, कसारा घाटात गाडी बंद पडली, किक अगदी हलकी जातेय. टेम्पोत घालून आणली. हेड उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व वाकलेला आणि पिस्टनच्या डोक्यावर अर्धचंद्रासारखी चकचकीत खूण, नखाने पण जाणवत होती. उतारावर त्याने घाईत खालचा गिअर टाकला होता, आरपीएम एकदम वर गेला आणि व्हॉल्व पिस्टनला भिडला. पिस्टन किट, व्हॉल्व, गाईड, सगळं माझ्या खिशातून भरून दिलं, चूक माझीच होती. त्या रात्री वडिलांनी पिस्टन हातात घेतला, लाईटखाली फिरवून बघितला आणि विचारलं, मोजलं होतंस का? म्हटलं हो दादा, टॅपेट मोजलं होतं. ते म्हणाले, ते वरचं झालं, खाली किती जागा होती?

त्या प्रश्नावर आमचं पुढचं सगळं गॅरेज उभं आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की कॅमची लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व किती खोल उघडतो ते, जास्त म्हणून व्हॉल्व पिस्टनवर आदळतो. तसं नसतं. व्हॉल्व पूर्ण उघडतो तेव्हा पिस्टन बराच खाली गेलेला असतो. धोका असतो ओव्हरलॅपला, म्हणजे धूर बाहेर टाकणारा एक्झॉस्ट स्ट्रोक संपून पेट्रोल-हवा आत घेणारा इनटेक सुरू होतो तिथे, पिस्टन एकदम वर आणि दोन्ही व्हॉल्व थोडे थोडे उघडे. परफॉर्मन्स कॅमची ड्युरेशन जास्त, म्हणून इनटेक लवकर उघडतो आणि एक्झॉस्ट उशिरा बंद होतो. टीडीसी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, तिच्या साधारण १० अंश आधी पिस्टन एक्झॉस्ट व्हॉल्वच्या मागे लागलेला असतो आणि टीडीसीनंतर १० अंशांवर इनटेक व्हॉल्व पिस्टनच्या मागे. ही दोन ठिकाणं सांभाळायची. हेड घासून घेतलं असेल किंवा पातळ गॅस्केट टाकलं असेल तर जागा अजून कमी होते, आणि कॅम फिरवणाऱ्या चेनचा एक दात जरी चुकला तर ३४ दातांच्या स्प्रॉकेटवर क्रँकचे, म्हणजे पिस्टन वरखाली करणाऱ्या दांड्याचे, २१ अंश गेले, मग काय मोजलं आणि काय नाही.

मोजायचं कसं ते शिकायला वेळ गेला. पहिल्यांदा घरातली कणीक लावली पिस्टनवर, पण कणीक दबते आणि परत फुगते, माप खोटं येतं. शेवटी मुलीच्या दप्तरातली खेळायची क्ले घेतली आणि आजपर्यंत तीच वापरतो. पिस्टनच्या पॉकेटवर, म्हणजे डोक्यावर व्हॉल्वसाठी असलेल्या खळग्यावर, क्लेची पट्टी, व्हॉल्वला तेलाचं बोट म्हणजे चिकटत नाही, मग हेड बसवून टॉर्क पान्याने आवळायचं, चेकिंगपुरतं टॅपेट शून्यावर ठेवायचं आणि मॅग्नेटच्या बाजूने क्रँक हाताने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवायचा. मध्ये कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. मग हेड काढून क्ले ब्लेडने मधोमध कापायची आणि सगळ्यात पातळ जागा व्हर्नियरने मोजायची. कॅमवाल्याने माप दिलं असेल तर तेच धरतो, नसेल तर आमचा नियम इनटेकला किमान १.५ मिमी आणि एक्झॉस्टला २. एक्झॉस्टला जास्त, कारण तो जास्त तापतो, तापून लांबतो, आणि आरपीएम वर गेल्यावर स्प्रिंग मागे पडली तर पिस्टन त्याला गाठतो. पॉकेटच्या कडेला बाजूने पण जागा लागते, आणि वरती पूर्ण लिफ्टला स्प्रिंग धरणारा रिटेनर व्हॉल्वच्या सीलवर टेकत नाही ना, स्प्रिंगची कॉइल कॉइलला चिकटत नाही ना, हे वेगळं बघावं लागतं.

क्रँक किती अंश फिरला ते दाखवणारं डिग्री व्हील विकत नाही घेतलं, वडिलांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ३६० भाग पाडून बनवून दिलं, आकडे हातोडीने एकेक पंच केलेले, ७ चा आकडा जरा तिरका आहे.

हळूहळू नाव झालं. बाजूचं शटर मिळालं, सातपूर आयटीआयचा एक पोरगा कामाला आला, आता तो माझ्यापेक्षा बारीक मोजतो. पण कामं सोडावी पण लागली. चेक न करता बसवून द्या, घाई आहे, असं म्हणणाऱ्याला आम्ही हात जोडतो. पहिली दोन वर्षं यात गिऱ्हाईक तुटलं आणि घरात हप्त्यांवरून बोलणं पण झालं, तरी ही अट सोडली नाही.

मागच्या उन्हाळ्यात डर्ट ट्रॅकवर पळवणारा एक जण आला. क्ले कापली तर इनटेकला २.६ आणि एक्झॉस्टला फक्त ०.९. त्याच्यासमोर व्हर्नियर धरला, बघ म्हटलं. कॅम ४ अंश ॲडव्हान्स केला, म्हणजे व्हॉल्व जरा लवकर उघडतील आणि बंद होतील असा बसवला, एक्झॉस्ट १.४ वर आला आणि इनटेक २.१ वर उतरला, ॲडव्हान्सला असंच होतं, एकाला द्यायचं तर दुसऱ्याचं घ्यायचं. उरलेलं पिस्टनचं पॉकेट ०.७ ने खोल करून काढलं, पण त्याआधी डोक्याची जाडी मोजली, नाहीतर पिस्टनलाच भोक पडायचं. परत क्ले, परत दोन फेरे, २.१. चार दिवस गेले त्याचे, पण पूर्ण सीझन पळाली गाडी.

प्रत्येक गाडीची कापलेली क्ले आम्ही टिनाच्या डब्यात ठेवतो, कागदावर गाडी नंबर, तारीख आणि दोन्ही मापं लिहून. वडील आता थकलेत, पण दुपारी चहाच्या वेळेला येतात आणि क्ले कापायची असली की ब्लेड त्यांच्याच हातात देतो.

कॅम घेऊन येणार असाल तर त्यासोबत आलेला मापाचा कागद नक्की आणा, आणि हेड आधी कधी घासलंय का ते सांगा. गाडी संध्याकाळी आणून ठेवा म्हणजे रात्रभर थंड होते, सकाळी नऊला हेड उघडतो.