जुन्या नकाशावरून बुडालेलं गावठाण शोधताना: माझा अनुभव

मुळशीच्या पाण्याखाली गेलेल्या वस्त्यांच्या जागा काढायच्या तर धरणाआधीचं, इंचाला एक मैल मापाचं सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाचं पत्रक लागतं. प्रमाण 1:63,360, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर 63 मीटर भरतो. त्यामुळे क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना सरासरी चूक 50-60 मीटरवर आली की मी थांबतो. त्याखाली उतरायचा हट्ट फुकट, मूळ रेघच तेवढी जाड असते.

पत्रक विसाव्या शतकाच्या आधीचं असेल तर आधी समासातली रेखांशाची टीप वाचा. तेव्हाचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर बेतलेले, पुढे त्यांतून सुमारे 2 मिनिटं 27 सेकंद वजा करावे लागले. ते राहिलं तर अख्खं खोरं सव्वाचार किलोमीटर पूर्वेला सरकतं.

जुळवणीचे बिंदू म्हणून कोरीगड आणि तुंगचे माथे, त्रिकोणाची खूण असलेली मोजणीची स्थानकं, जुनी देवळं धरतो. नदीचं वळण कधीच नाही. आठ-दहा बिंदू पुरतात, पण घडीच्या दोन्ही अंगांना हवेत, कारण कागद तिथेच ताणलेला असतो. सुरुवात साध्या पहिल्या घाताच्या रूपांतरानं करावी, म्हणजे अख्खा नकाशा एकसारखा सरकवून, फिरवून, ताणून बसवावा. थिन प्लेट स्प्लाइन, म्हणजे नकाशा जागोजागी वाकवून बसवणारं रूपांतर, प्रत्येक बिंदूवर चूक शून्य दाखवतं, मग चुकीचा बिंदूही खपून जातो.

आता वस्ती. गावाचं नाव जिथे जागा मिळाली तिथे छापलेलं असतं, त्याच्या मागे लागू नये. घरांचे ठिपके कुठे दाटलेत आणि पायवाटा कुठे एकवटतात ते पाहावं. गावठाण बहुधा भातखाचरांच्या वरच्या टप्प्यावर सापडतं. पिकती जमीन घरांसाठी कोण घालवणार? पठारावरच्या एकट्या ठिपक्यांबाबत मात्र जपून. धनगरवाडे जागा बदलत, म्हणून पुढच्या आवृत्तीत ठिपका नाही याचा अर्थ वस्ती उठली असा नव्हे.

शेवटची खात्री भूमी अभिलेखातल्या टिपण (शेताच्या मोजणीचं रेखाटन), फाळणी (हिश्श्यांचा नकाशा) आणि गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब) यांवरून होते. इथली मोजणीची साखळी 33 फुटांची, 16 आण्यांची, म्हणजे 16 भागांची. एक चौरस साखळी म्हणजे बरोबर एक गुंठा. 66 फुटांची गंटर साखळी समजून आकडे घातले की क्षेत्र चौपट येतं. गुणाकार बुकातल्या क्षेत्राशी ताडून पाहिलं की ही चूक लगेच उघडी पडते.