मल बेटावरच्या घरी जायचं तर आधी फेरी बघा

स्कॉटलंडमधल्या एखाद्या बेटावर आठवडाभर घर घेऊन राहायचं ठरलं की सगळे आधी घराचे फोटो बघत बसतात, किचन केवढं आहे, खिडकीतून समुद्र दिसतो का वगैरे, पण माझं अगदी ठाम मत आहे की आधी फेरीचं, म्हणजे बेटावर नेणाऱ्या बोटीचं, बुकिंग बघा आणि मग घर. आम्ही मल बेटावर गेलो होतो, आईबाबांना घेऊन. तिथे दक्षिणेकडे रॉस ऑफ मल म्हणून लांबट भाग आहे, त्यातल्या बनेसन गावाजवळ घर मिळालं. उन्हाळ्यात ही घरं बऱ्याचदा शनिवार ते शनिवारच देतात, त्यामुळे त्या दिवशी निम्मे लोक बेटावरून निघालेले आणि निम्मे येत असलेले, मग गाडी न्यायची असेल तर फेरीत जागा मिळणं कठीण. नुसतं माणसांचं तिकीट सहसा मिळतं, प्रश्न गाडीचा असतो.

मलची फेरी ओबन बंदरातून सुटते, ग्लासगोहून ते साधारण दीडशे किलोमीटर. मॅपवर अडीच तास दिसतात पण त्यावर विसंबू नका, लॉख लोमंडच्या (लॉख म्हणजे तळं किंवा खाडी) काठाने जाणारा ए८२ रस्ता टार्बेट गावाच्या पुढे इतका अरुंद होतो की समोरून ट्रक आला की दोघांनाही जवळजवळ थांबावं लागतं. आणि घाईने जायचा तो रस्ताच नाही हो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, बाबा तर सारखे काच खाली करून बघत होते. फेरीच्या निदान अर्धा तास आधी गाडी रांगेत लागायला हवी, वर थोडा वेळ हाताशी असला तर ओबनमध्ये टेकडीवरचा मॅकेग्ज टॉवर बघता येतो. १८९७ साली एका बँकरने तो बांधायला घेतला आणि १९०२ मध्ये तो वारला तेव्हा काम जे थांबलं ते थांबलंच, फक्त बाहेरची गोल भिंत उभी आहे.

ओबन ते मलवरचं क्रेगन्युअर ही फेरी पाऊण तासाच्या आसपास. गाडी खाली लावायची आणि सगळ्यांनी वर यायचं, प्रवास सुरू असताना गाडीपाशी थांबू देत नाहीत, म्हणून स्वेटर, औषधं, खाणं आधीच बरोबर घ्या. आणि प्लीज आत बसू नका, डेकवर उभे राहा! उजवीकडे लिसमोर बेटाच्या टोकाचं पांढरं दीपगृह, रॉबर्ट स्टीव्हन्सनने बांधलेलं, १८३३ पासूनचं, आणि मग डावीकडे मॅक्लीन घराण्याचा डुआर्ट किल्ला अगदी समुद्रात घुसलेल्या खडकावर. वारा असा की आईने शाल डोक्यावरून घट्ट गुंडाळून घेतली पण आत जायला तयार नाही.

खरा प्रवास मात्र क्रेगन्युअरला उतरल्यावर सुरू होतो. तिथून बनेसन पन्नासेक किलोमीटर, पण बहुतेक रस्ता सिंगल ट्रॅक, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गाड्यांना मिळून एकच लेन आणि थोड्या थोड्या अंतरावर पासिंग प्लेस, म्हणजे दुसऱ्या गाडीला जाऊ द्यायला रुंद केलेली जागा. ती आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबायचं म्हणजे समोरचा वळसा घालून जातो, आणि जाताना हात वर करून थँक्यू म्हणायचं, तिथे सगळे करतात. पासिंग प्लेसमध्ये गाडी लावून फोटो काढायचे नाहीत. मागे कोणी आलं की त्याला जाऊ द्यायचं, तो बहुधा तिथलाच माणूस असतो, कामावर निघालेला किंवा फेरी गाठायला, आपण सुट्टीवर आहोत, तो नाहीये. मध्येच मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात, आई सारखी म्हणत होती, "हळू घे गं, पिल्लं आहेत." वाटेतल्या ग्लेन मोअर खोऱ्यातून जाताना दोन्हीकडे नुसते डोंगर, घर क्वचितच, म्हणून मी म्हणते उजेड असताना पोचा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत दिसतं, ऑक्टोबरमध्ये नाही.

आकाशाकडेही लक्ष असू द्या (गाडी चालवणारा सोडून!). पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड ब्रिटनमधून पार संपला होता, शेवटचा १९१८ मध्ये मारला गेला, मग १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून रम बेटावर सोडली आणि १९८५ मध्ये मलवर जंगलातल्या घरट्यातून पहिलं पिल्लू उडालं. ही गोष्ट वाचून गेल्यामुळे तो एवढा मोठा पक्षी लॉखवरून जाताना दिसला तेव्हा बाबांना बोलताच येईना.

घर निवडताना जाहिरातीत लायसन्स नंबर आहे ना ते बघा, स्कॉटलंडमध्ये अशी घरं भाड्याने द्यायला आता लायसन्स लागतं. सुट्टीच्या घरांमुळे तिथल्या तरुणांना राहायला घरं मिळत नाहीत हा या बेटांवरचा खूप गंभीर प्रश्न आहे आणि तो मला खरंच टोचतो, निदान आपले पैसे तरी तिथल्या दुकानांत जावेत म्हणून आठवड्याचं सगळं सामान ग्लासगोहून भरून नेऊ नका. डाळ-मसाले न्या, ते तिथे मिळतीलच असं नाही, पण दूध, ब्रेड, अंडी, भाजी बेटावरच घ्या.