अमेरिकी ट्रकचे डिस्पॅचिंग शिकताना: भाड्याआधी चालकाचे तास

अमेरिकेतील लहान ट्रक कंपन्यांसाठी घरी बसून डिस्पॅचिंग करण्याचे, म्हणजे ट्रकसाठी माल ठरवून चालकाच्या दिवसाची आखणी करण्याचे, काम मी शिकू लागलो, तेव्हा जो तो मला लोडबोर्डवर (वाहतुकीसाठी उपलब्ध मालाच्या ऑनलाइन यादीवर) माल कसा शोधायचा आणि ब्रोकरकडून, म्हणजे माल पाठवणारा व ट्रक कंपनी यांच्यातील मध्यस्थाकडून, भाडे कसे वाढवून घ्यायचे, एवढेच सांगत असे. ही दोन्ही कौशल्ये लागतातच. परंतु नव्याने येणाऱ्याने त्यांच्याही आधी चालकाच्या कामाच्या तासांचे नियम पक्के करावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. आपण ज्याच्या दिवसाची आखणी करतो, त्याची मिळकत आणि त्याची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी त्या तासांवर अवलंबून असतात.

तेथील संघीय नियमांनुसार मालवाहू ट्रकच्या चालकाला सलग 10 तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते आणि तेही कामावर रुजू झाल्यापासून 14 तासांच्या आत. एकूण 8 तास गाडी चालवून झाली की किमान 30 मिनिटांचा खंड घ्यावा लागतो. रोज धावणाऱ्या कंपनीत आठ दिवसांतील एकूण कामाची मर्यादा साधारणतः 70 तासांची असते आणि सलग 34 तासांच्या विश्रांतीनंतर तो हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू करता येतो. डिसेंबर 2017 पासून बहुतेक गाड्यांमध्ये ही नोंद इलेक्ट्रॉनिक उपकरणावर होते.

यातील 14 तासांचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण स्लीपर बर्थमधील (ट्रकच्या केबिनमधील झोपण्याच्या जागेतील) विश्रांतीच्या विशिष्ट विभागणीचा अपवाद सोडला, तर ही मुदत मध्ये कुठेही थांबत नाही. समजा, चालक सकाळी सहा वाजता कामाला लागला आणि गोदामाने माल भरायला पाच तास घेतले, तर रात्री आठ वाजता त्याची मुदत संपणारच. म्हणजे कागदावर 11 तास दिसत असले तरी प्रत्यक्षात त्याच्या हाती नऊच तास उरतात आणि त्यातूनही गाडीची तपासणी, डिझेल व मुक्कामासाठी जागा शोधणे यांचा वेळ वजा करावा लागतो. म्हणून माल ठरवण्यापूर्वी मी चालकाला पहिला प्रश्न त्याचे किती तास शिल्लक आहेत, हाच विचारतो. गोदामात थांबण्याच्या मोबदल्याची बोलणीही आधीच व्हावीत: प्रथेप्रमाणे पहिले दोन तास विनामोबदला धरले जातात, त्यापुढील दर रेट कन्फर्मेशनमध्ये, म्हणजे ब्रोकरबरोबर भाडे पक्के करणाऱ्या कागदात, लेखी हवा आणि गोदामात येण्या-जाण्याच्या वेळा बिल ऑफ लेडिंगवर (मालासोबतच्या पावतीवर) नोंदवून घ्याव्यात. हे लेखी नसेल, तर नंतर केवळ विनवण्या कराव्या लागतात.

भाड्याचा विचारही एका फेरीपुरता करून चालत नाही. अटलांटाहून मायामीला जाणाऱ्या मालाला मैलामागे 3 डॉलर मिळाले आणि परतीच्या मालाला 1 डॉलर, तर सरासरी 2 डॉलरचीच पडते. फ्लोरिडात येणारा माल बाहेर जाणाऱ्या मालापेक्षा बराच जास्त असल्याने असे घडणे मुळीच दुर्मीळ नाही. रिकामे, म्हणजे माल न घेता धावलेले, मैलही या भागाकारात धरलेच पाहिजेत, कारण डिझेल त्यांनाही लागते.

ब्रोकरची पारख हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. प्रत्येक ब्रोकरला 75,000 डॉलरचे हमीपत्र किंवा तेवढाच विश्वस्त निधी ठेवावा लागतो. मात्र ब्रोकर बुडाला, तर ती रक्कम सर्व दावेदारांत वाटली जाते, त्यामुळे तिच्यावर विसंबून राहू नये. एकाने वाहून नेतो म्हणून घेतलेला माल परस्पर दुसऱ्या ट्रक कंपनीच्या गळ्यात घालण्याची फसवणूक तेथे फार होते. म्हणून ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर ब्रोकरच्या संघीय नोंदणीत असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा.

आपण कोणाच्या बाजूने काम करतो, हेही स्पष्ट असले पाहिजे. डिस्पॅचर हा ट्रक कंपनीचा प्रतिनिधी असतो. त्याने मालधन्याकडून, म्हणजे माल पाठवणाऱ्याकडून, माल घेऊन तो आपल्या मर्जीने वेगवेगळ्या कंपन्यांना वाटून दिला, तर ते ब्रोकरचे काम ठरू शकते आणि त्यासाठी परवाना लागतो. अमेरिकेच्या संघीय वाहतूक सुरक्षा प्रशासनाने (FMCSA) जून 2023 मध्ये याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले असून ते सुरुवातीलाच मुळातून वाचावे. प्रत्येक कंपनीशी लेखी करार करावा आणि आपली टक्केवारी त्यात नमूद करावी.

तास संपलेल्या चालकाला आणखी थोडे पुढे नेण्याचा आग्रह ब्रोकरकडून होतो, तेव्हा नकार देणे हे डिस्पॅचरचेच काम असते. चालकाला नियम मोडण्यास भाग पाडण्याची मनाई करणारा नियम 2016 पासून लागू आहे आणि तो ब्रोकर व मालधनी यांनाही बांधतो. अशा वेळी मी माल पोहोचण्याची नवी वेळ लगेच लेखी कळवतो आणि गोदामाकडून दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घेतो.